ओट्यावरचा पॉइंट

आमच्या स्वयंपाकघरात मिक्सर लावायची सोय नव्हती. ओटा होता, ओट्यावर मिक्सर मावेल एवढी जागाही होती, पण प्लग खुपसायला सॉकेट नव्हतं. डोंबिवलीतल्या आमच्या वयाच्या बिल्डिंगांमध्ये स्वयंपाकघराला एक दिवा, एक पंखा आणि फ्रिजसाठी एक पॉइंट दिला की बिल्डरचं कर्तव्य संपायचं. फ्रिजचा पॉइंट फ्रिजच्या मागे आणि फ्रिज दाराच्या मागे. त्यामुळे आमचा मिक्सर हॉलमध्ये टीव्हीशेजारी चालायचा, जमिनीवर, खाली जुना टॉवेल घालून.

माझी बायको त्याच्यापुढे मांडी घालून बसायची. खोबऱ्याची वाटी, मिरच्या, कोथिंबीर, पाण्याचा तांब्या असा सगळा संसार भोवती मांडायची. मॅच रंगात आली की हिचं वाटण सुरू. ती मुद्दाम शेवटच्या ओव्हरपर्यंत थांबते असा माझा आरोप होता. ती म्हणायची, "मॅच काय, उद्या पुन्हा दाखवतील. आमटी पुन्हा दाखवणार आहेत का?" मी आवाज वाढवायचो, ती मिक्सर दोनवर न्यायची, आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी काठीने छत ठोकायचं.

पॉइंट हवा असं ती कधी म्हणाली नाही. मीच एकदा विषय काढला तर म्हणाली, "स्वयंपाकघरात एकटीने काय वाटत बसायचं? इथे माणसं असतात." माणसं म्हणजे मी आणि मुलगा. मुलगा लग्न होऊन शीळफाट्याच्या पलीकडे नव्या टॉवरमध्ये राहायला गेला, मग माणसं म्हणजे मीच उरलो. तरी ती हॉलमध्येच बसायची.

मग तिचे गुडघे कुरकुरायला लागले. खाली बसलं की उठताना सोफ्याचा हात धरावा लागे, आणि माझा हात पुढे केला की "मी काय म्हातारी झाले का?" म्हणून ती तो झिडकारायची. त्याच सुमाराला गावाकडे तिची आई अंगणात पडली. दापोलीच्या अलीकडे तिचं माहेर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण सासूबाई काही उठून चालू लागल्या नाहीत. बायको एकुलती एक. दुसरं कोण करणार?

"महिन्याभरात येते," म्हणून ती गेली. निघताना बॅगेची चेन ओढता ओढता स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "ओट्यावर एक पॉइंट असता तर बरं झालं असतं हो. आता मला खाली बसवत नाही." एवढंच. त्या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलं आणि तो महिना काही अजून संपला नाही.

सासूबाईंना इकडे आणावं, असं कोणीही सुचवेल. त्या पडायच्या आधी एकदा आणलं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आठवडाभर त्या खिडकीशी बसल्या आणि रोज सकाळी चूळ भरली की "आज जायचं ना?" म्हणून विचारायच्या. शेवटी नेऊन सोडलं तेव्हा अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांच्या तोंडावर जे हसू आलं, ते बघून पुन्हा आणायची कोणाची छाती नव्हती.

मग मीच तिकडे जाऊन राहावं, असं मुलगा म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला. सासुरवाडीत जावई म्हणजे जन्मभराचा पाहुणा. मी पोचलो की अंथरुणातून सासूबाईंचे हुकूम सुटतात. जावईबापूंना खुर्ची दे, चहा दे, कोणाला तरी पाठवून मासे आणव. आईचं करून आधीच दमलेली माझी बायको मग माझ्यासाठी वडे तळायला घेते. मला बनियनवर बसता येत नाही. जेवून ताट उचलायला गेलो तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येतं, जावयाला ताट उचलावं लागलं म्हणून. दोन दिवसांत मी परतीची गाडी धरतो, आणि माझी पाठ वळली की ते घर हुश्श करतं, हे मला चांगलं कळतं. घरजावई म्हणतील याचीही थोडी धास्ती होतीच, उगाच खोटं कशाला सांगू.

तेव्हा मी डोंबिवलीत आणि ती गावाला. पहिले काही दिवस मला शांततेचं कौतुक वाटलं. मॅच अखेरच्या चेंडूपर्यंत ऐकू आली. पुढे असं व्हायला लागलं की शेवटची ओव्हर आली की माझं लक्ष मॅचवरून उडायचं आणि मी टीव्हीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायचो. टॉवेल तिथेच घडी करून ठेवलेला होता. तो मी उचलला नाही. जेवण पोळीभाजी केंद्रातून यायचं. त्या बाईंच्या हाताला चव आहे, मी नावं ठेवणार नाही. पण घरची आमटी आधी ऐकू येते, मग तिचा वास येतो आणि मग ती ताटात येते. ही नुसतीच डब्यातून यायची.

मला तिची आठवण यायची. हे कागदावर लिहायला सोपं आहे. फोनवरचं आमचं बोलणं मात्र ठरलेलं असे. तिकडे घरात रेंज नाही. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात तेवढी येते, म्हणून संध्याकाळी आईला भरवून ती तिथे जाऊन उभी राहायची आणि फोन लावायची.

"जेवलात?"

"बसेन आता. तू?"

"आईला लागला डोळा की बसते. गोळ्या घेतल्यात?"

"घेतल्या."

"मग ठेवू?"

"ठेव."

ठेव म्हटल्यावर दोघंही ठेवत नसू. तिकडून रातकिडे ऐकू यायचे, मधूनच फटकन डास मारल्याचा आवाज यायचा. 'कधी येतेस' हे माझ्या ओठांवर यायचं आणि मी गिळून टाकायचो. अंथरुणातल्या आईला सोडून ये, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि मला करमत नाही असं म्हणायची आमच्या पिढीच्या नवऱ्यांना सवय नाही. आम्ही फार तर 'पाण्याचा पंप बिघडलाय' असं काहीतरी सांगतो.

एका सकाळी चहा गाळताना ओट्याच्या टोकाशी असलेल्या दिव्याच्या बटणाकडे माझं लक्ष गेलं. छोटीशी पिवळट प्लेट, तिच्यावर एकच बटण. मनात आलं, ही काढून मोठी प्लेट बसवली, एक बटण आणि शेजारी एक सॉकेट, तर? मिक्सर ओट्यावर येईल, तिला खाली बसावं लागणार नाही. आणि फोनवर 'ये' म्हणता येत नसलं तरी 'पॉइंट झालाय' असं तर म्हणता येईल.

मुलाला सांगितलं. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की त्याला बापाची आठवण होते, तसा तो तेव्हाही अडकलेलाच होता. म्हणाला, "बाबा, ॲपवरून माणूस बोलवा ना. अर्ध्या तासात करून जाईल. तुम्ही कशाला हात घालताय?"

"तू उंटावरून शेळ्या हाकू नकोस," मी म्हटलं.

मला तिला 'पॉइंट केला' असं सांगायचं होतं. 'करून घेतला' असं नाही. एमआयडीसीतल्या कंपनीत जन्मभर मी स्टोअर सांभाळलं. वायरी, बटणं, होल्डर हजारांनी मोजून दिले, जोडला मात्र एकही नाही. तरी मालाची ओळख होती, मोबाइलवर व्हिडिओ होते आणि वेळ तर बख्खळ होता.

मेन बंद केला आणि प्लेट उघडली. आत दोन वायरी. एक मेनकडून वीज आणणारी, म्हणजे फेज. दुसरी बटणातून निघून वर दिव्याकडे गेलेली. सॉकेटला वीज आणणारी एक वायर लागते आणि परत नेणारी एक, म्हणजे न्यूट्रल. ती बोर्डात नव्हतीच. ती वरच्या वर छताकडून थेट दिव्याला गेलेली. मी बराच वेळ डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की दिव्याच्या होल्डरपाशी दोन्ही वायरी शेजारी शेजारी हजर आहेत. म्हटलं, वा, देव पावला. तिच्या स्टीलच्या स्टुलावर चढून दोन्हींना एकेक वायर जोडली, भिंतीवरून प्लॅस्टिकची पांढरी पट्टी मारत त्या खाली आणल्या आणि नव्या सॉकेटला लावून टाकल्या.

सांगायला दोन ओळी लागल्या, करायला दीड दिवस गेला. भिंतीचे पोपडे चहाच्या पातेल्यात पडले. पट्टी जरा कलली. जरा म्हणजे बघणाऱ्याची मान आपोआप डावीकडे झुकते एवढीच. मेन चालू केला, दिवा लावला, टेस्टर घातला, पेटला. मिक्सर आणून ओट्यावर ठेवला, प्लग लावला, बटण फिरवलं आणि तो घरघरला. इतक्या महिन्यांनी घरात तो आवाज आला. मी लगोलग फोटो काढला आणि 'पॉइंट झाला' असं लिहून तिला पाठवला. मग मोठ्या खुशीत दिव्याचं बटण बंद केलं, तर मिक्सरही थांबला.

पुन्हा दिवा लावला, पुन्हा चालू. पुन्हा घालवला, पुन्हा बंद. दिव्याकडे जाणारी वायर बटणातून गेलेली, आणि मी वीज घेतली दिव्यापाशी. म्हणजे दिवा लागलेला असेल तरच माझ्या सॉकेटात जीव. फेज तर खाली बोर्डात माझ्या नाकासमोर होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फोटो मात्र पोचला होता आणि ती नेमकी पडवीत असावी, कारण त्याच्यापुढे दोन निळ्या खुणाही आल्या होत्या.

त्या दिवशी तिचा फोन दुपारीच आला. "अहो, तुम्ही केलात? स्वतः?"

"मग काय तर."

"पट्टी वाकडी दिसतेय."

"फोटो वाकडा आलाय."

ती हसली. मग म्हणाली, "बघायला यायला हवं." त्या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले. दिव्याची भानगड तिला सांगितली नाही. ती येईपर्यंत दुरुस्त करू म्हणत होतो, पण पट्टी उचकटायची म्हणजे भिंतीचा आणखी रंग जाणार, त्यामुळे आज उद्या करत राहिलो.

आणि एक दिवस तिची चुलतवहिनी सासूबाईंजवळ झोपायला तयार झाली, तेव्हा ही खरंच आली. चार दिवसांसाठी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझी बायको दिवा लावला की हात जोडते. संध्याकाळी देवापुढच्या निरांजनाला तर सगळेच जोडतात, ही विजेच्या दिव्यालाही जोडते. तिच्या आईची सवय, ती हिच्यात उतरली. बटण दाबलं की डोळे मिटून क्षणभर नमस्कार. मी तिला चिडवायचो, "वीज कंपनीला नमस्कार पोचला हो, बिल थोडं कमी करतील." ती म्हणायची, "तुम्ही नका करू. तुमच्या वाटचाही मीच करते."

तर आल्या आल्या पदर खोचून ती ओट्यापाशी उभी राहिली. पट्टीकडे बघून मान डावीकडे झुकवली. नारळ खवला, भांडं भरलं, मिक्सरचं बटण फिरवलं. ढिम्म.

"चालत नाही हो."

"दिवा लाव," मी स्टुलावरून म्हटलं.

"कशाला? भरपूर उजेड आहे की."

"अगं, तू लाव तर."

तिने दिवा लावला. सवयीने हात जोडले, डोळे मिटले आणि तिच्या नमस्काराच्या मधोमध मिक्सर धडधडून सुरू झाला. ती किंचाळलीच. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं आणि सगळा प्रकार तिच्या ध्यानात आला. एवढी हसली, एवढी हसली की ओट्याला धरून खाली वाकली. मी घुश्शात म्हटलं, "उद्या सरळ करून टाकतो."

डोळे पुसत ती म्हणाली, "काही नको. राहू दे असंच. एवढं कोणी नाही केलंय माझ्यासाठी."

ते चार दिवस मी टीव्ही लावला नाही. ती ओट्यापाशी उभी, मी स्टुलावर. हॉलमध्ये माणसं असतात म्हणून ती हॉलमध्ये वाटायची, आता माणूसच उठून आत आला होता. ती गावच्या गोष्टी सांगायची. सासूबाई आता तिला मधूनच ताई म्हणून हाक मारतात, स्वतःची मोठी बहीण समजून. हे सांगताना तिने आपला आवाज मिक्सरखाली लपवायला दिवा लावला. मी मिक्सर थांबायची वाट बघितली. तिला एक सोय सापडली होती. मिक्सरचं फिरवायचं बटण कडक झालेलं, तिची बोटं दुखायची. म्हणून ते ती एकावरच ठेवून द्यायची आणि चालू-बंद सगळं दिव्याच्या बटणाने करायची. दिवसाउजेडी दिवा आणि दर वाटणाला एक नमस्कार.

शेवटच्या दिवशी पहाटेच उठून तिने माझ्यासाठी वाटणाचे डबे भरले आणि फ्रीजरमध्ये लावले. मिक्सरचं भांडं घासून उपडं घातलं. मी तिला विठ्ठलवाडीच्या डेपोतून एसटीत बसवलं. खिडकीतून ती म्हणाली, "वाटण एकदा बाहेर काढलं की संपवा. परत आत ठेवू नका." मी म्हटलं, "बरं." कंडक्टरने घंटी मारली. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं, पण मी पुन्हा एकदा "बरं" एवढंच म्हटलं. गाडी फाटकातून वळेपर्यंत तिचा हात दिसत होता.

घरी येऊन पडून राहिलो. झोप नव्हतीच. तिन्हीसांजेला उठलो, चहा तरी टाकावा म्हणून अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेलो, दिव्याचं बटण दाबलं, आणि मिक्सर सुरू झाला.

वर भांडं नव्हतं. रिकामाच, जिवाच्या आकांताने ओरडत होता. एक क्षण, अगदी एक क्षण, मला वाटलं ती आहे. मी वळून बघितलंसुद्धा. मग कळलं की सकाळी शेवटचं वाटण करून तिने सवयीने दिवा घालवला होता आणि मिक्सर एकावरच राहिला होता. मला तो बंद करवेना. स्टुलावर बसलो आणि रडलो. घरात ज्याच्यापासून लपवावं असं कोणी नव्हतं, तेव्हा आलं तसं येऊ दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. पोचल्याचं सांगायला तिचाच.

"पोचले हो. आई ठीक आहे. अहो, हा कसला आवाज?"

"मिक्सर."

"या वेळेला काय वाटताय?"

"काही नाही. दिवा लावला."

"अगं बाई, मी एकावरच ठेवला का? बंद करा आधी, मोटर जळेल."

"बंद केला की अंधार होतो."

"अहो, मिक्सरचं बटण फिरवा. दिव्याचं नको."

मी फिरवलं. मिक्सर थांबला, दिवा राहिला. एका हातात फोन होता, हात जोडता येईनात, म्हणून दिव्याकडे बघून नुसती मान लववली. आणि कुठून बळ आलं कोण जाणे, म्हणून टाकलं, "मला इथे तुझ्याशिवाय करमत नाही."

पलीकडे रातकिडे. एक डास मारल्याचा आवाज.

"मलाही नाही," ती म्हणाली. "पण आईला सोडून नाही येता यायचं आता. तुम्हाला दिसतंय ते."

"दिसतंय."

"मी इथे मागच्या पडवीत रोज अंधारात उभी राहून बोलते तुमच्याशी. इथे दिवा नाही. तेवढा येऊन लावून द्या ना. आणि खाली एक पॉइंट. फोनची बॅटरी नेमकी तुमच्याशी बोलताना जाते."

"आणि सासूबाई? खुर्ची, चहा, वडे?"

"आईला सांगते, वायरमन येतोय. वायरमनला वडे तळावे लागत नाहीत. जेवून ताट त्याचं त्यानेच घासायचं." नंतर जरा थांबून तिने विचारलं, "किती दिवसांचं काम आहे?"

एक दिवा आणि एक सॉकेट. आता तर माझ्या हाताला सवय झालेली. सकाळी हात घातला तर जेवायच्या आत आटोपेल.

"असं फोनवर नाही सांगता येत," मी म्हटलं. "जुनं घर आहे. भिंत उघडून बघावी लागेल."

"मग कपडे जास्तच घेऊन या," ती म्हणाली.